हाँगकाँग युनिव्हर्सिटीचा युद्धकाळाचा हेरिटेज वॉक: रिव्ह्यू (आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांनी जरूर वाचा)

आधी निकालच सांगते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांना इथूनच परत जाता येईल. वॉक चांगला आहे, करा. माणशी ४०० हाँगकाँग डॉलर घेतात, म्हणजे आपले साधारण साडेचार हजार रुपये, तीन तास सांगतात आणि साडेतीन तास चालतो. दोन-तीन गोष्टी मला खरंच खटकल्या, त्या पण खाली लिहिल्यात. वॉकवाल्यांचं नाव इथे टाकत नाही कारण काम अगदी छोटं आहे, दोन-तीन जण मिळून चालवतात, आणि माझ्या एका रिव्ह्यूवरून कुणी त्यांना झोडपावं असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी मेसेज करा, नंबर देते.

आता हा वॉक वेगळा का ते. हाँगकाँगमध्ये हेरिटेज वॉक पुष्कळ आहेत आणि आम्ही इथे राहायला आल्यापासून पाहुणे आले की एखादा होतोच, पण ते बहुतेक इमारतींचे असतात, हा खांब बघा, ती कमान बघा, अमुक साली बांधलं, चला पुढे. हा वॉक एका प्रश्नावर उभा आहे. १९४५ साली जपान हरला, हाँगकाँग परत ब्रिटिशांकडे आलं, तेव्हा ही युनिव्हर्सिटी पुन्हा उघडायची की कायमची बंद करायची? मी इतकी वर्षं त्या कॅम्पसखालून ट्रेनने जातेय, पण असा प्रश्न कधी कुणाला पडला होता हेच मला माहीत नव्हतं. आपण समजून चालतो की लढाई संपली, काचा बसवल्या, वर्ग भरले. तसं झालेलं नाही. लंडनमध्ये बराच काळ घोळ चालला होता आणि उत्तर 'बंद' असं येण्याचीही शक्यता होती.

भेटायची जागा म्हणजे मेट्रोच्या आयलंड लाइनवरचं एचकेयू (म्हणजे हाँगकाँग युनिव्हर्सिटी) स्टेशन, ए-२ एक्झिट. स्टेशन डोंगराच्या पोटात खूप खोल आहे आणि वर यायला मोठ्या लिफ्ट आहेत, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचं मला जे टेन्शन होतं ते इथपर्यंत तरी नव्हतं. (पुढे होतं, त्यावर येते.) बाबा कोल्हापूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण वही-पेन सुटलेलं नाही. ग्रुपमध्ये आम्ही डझनभर लोक असू, इथलेच चिनी, दोन-तीन ब्रिटिश, एक मलेशियन चिनी बाई आणि तिची मुलगी, आणि आम्ही दोघं. गाइड बाई साठीच्या पुढच्या, रिटायर्ड शिक्षिका, स्वतः याच युनिव्हर्सिटीत शिकलेल्या. इंग्रजी स्वच्छ, आवाज मात्र बारीक, आणि कानात घालायचा तो हेडसेट वगैरे काही नाही, त्यामुळे मागे राहिलात की गेलं. पुढेच उभे राहा, लाजू नका.

सुरुवात मेन बिल्डिंगपासून होते. लाल विटा, ग्रॅनाइट, मधे घड्याळाचा टॉवर, आत चौक आणि त्यात उंच ताडासारखी झाडं. आपल्या फोर्टमधल्या कुठल्याही जुन्या इमारतीत वाढलेला माणूस इथे लगेच रमतो. १६ मार्च १९१० ला गव्हर्नर लुगार्डने पायाभरणी केली आणि मार्च १९१२ मध्ये युनिव्हर्सिटी उघडली. आणि ही इमारत उभी राहिली कुणाच्या पैशावर, तर मुंबईहून १८६० च्या सुमारास इथे आलेल्या एका पारशी माणसाच्या, होर्मसजी नौरोजी मोदींच्या. लुगार्डच्या डोक्यात युनिव्हर्सिटीची कल्पना होती, पैसा नव्हता, लंडनला फारसा उत्साह नव्हता, आणि मोदींनी इमारतीसाठी दीड लाख डॉलर देतो म्हणून सांगितलं तेव्हा गाडी हलली. पायाभरणीच्याच दिवशी त्यांना सर केलं, आणि उद्घाटन बघायला ते राहिले नाहीत, १९११ च्या जूनमध्ये गेले. त्यांचा अर्धपुतळा मेन बिल्डिंगमध्ये आहे.

तर माझी पहिली तक्रार इथे. मोदींसमोर वॉक दोन मिनिटं थांबला. 'एक श्रीमंत भारतीय व्यापारी' एवढंच सांगून बाई पुढे निघाल्या. मला हे खरंच लागलं. भांडवल कुठून आलं ते सांगा ना, चांगलंवाईट सगळं सांगा. मोदी इथे आले ते अफूचा व्यापार असलेल्या पेढीत नोकरीला, पुढे पॉल चेटरबरोबर शेअर आणि जमिनीच्या व्यवहारात मोठे झाले, चेटर पण कलकत्त्याचा आर्मेनियन, आणि टॉवरमधलं घड्याळ त्याच्या नावावर आहे. म्हणजे या युनिव्हर्सिटीची वीट आणि वेळ दोन्ही हिंदुस्थानातून आलेल्या माणसांनी दिलेली आहे, आणि अफू, मुंबई, कलकत्ता, चीन हे सगळं त्या एका पुतळ्यापाशी उभं राहून सांगता येतं. दुपारी त्सिम शा त्सुईला मोदी रोडवर खरेदी करणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना तो मोदी कोण हे ठाऊक नसतं. बाबांनी बाईंना नम्रपणे सांगितलं की इथे दहा मिनिटं द्यायला हवीत, त्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या ग्रुपला फरक पडला असेल तर कळवा मला.

त्यानंतर मात्र बाईंनी जी पकड घेतली ती सोडली नाही.

लोक यू हॉलमध्ये नेतात. आधी फक्त ग्रेट हॉल म्हणायचे, १९५६ मध्ये मलायातल्या (आताचं मलेशिया-सिंगापूर) टिनच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या लोक यू यांचं नाव दिलं, कारण त्यांनी सुरुवातीच्या अडचणीच्या काळात पाच लाखांचं बिनव्याजी कर्ज दिलं होतं. (परीक्षा किंवा कार्यक्रम असला की हॉल बंद असतो, बुकिंग करताना विचारून घ्या.) याच हॉलमध्ये १९२३ च्या फेब्रुवारीत चिनी क्रांतीचे नेते सुन यत्सेन बोलले होते, आपण क्रांतीचे विचार कुठून घेतले तर इथून, हाँगकाँगमधून, असं म्हणाले होते. ते जुन्या मेडिकल कॉलेजचे, १८९२ चे पदवीधर, आणि ते कॉलेज पुढे या युनिव्हर्सिटीत सामील झालं. बाईंनी हे पटकन उरकलं, बरं केलं, कारण ही गोष्ट सगळीकडे सांगतात.

मग त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि एक फोटो हातोहात फिरवला. तोच हॉल, आम्ही उभे होतो त्याच बाजूने काढलेला, फक्त वर छप्पर नाही. वरून सरळ उजेड पडतोय. खांब उभे आहेत आणि खाली नुसती पडझड. बाबांनी फोटो हातात धरला, वर बघितलं, परत फोटोत बघितलं, आणि खांब मोजायला लागले. मी पण मोजले. जागा तीच आहे हे एकदा पटलं ना, की मग पुढचं सगळं ऐकताना वर लक्ष जातच राहतं.

झालं असं. ८ डिसेंबर १९४१ ला जपानने हाँगकाँगवर हल्ला केला, अठरा दिवसांत, नाताळच्या दिवशी, शरणागती. (लढणाऱ्यांत आपल्याकडची राजपूत आणि पंजाब रेजिमेंटची माणसं होती, हे पण बाईंनी सांगितलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.) त्या दिवसांत युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल झालं होतं, विद्यार्थी आणि प्राध्यापक जखमींचं बघत होते. शरणागती झाल्यावर शेवटच्या वर्षाच्या मुलांना घाईघाईत पदव्या देऊन टाकल्या, कारण पुढे काय होणार कुणालाच माहीत नव्हतं. मग इंग्रज प्राध्यापक कैदेत आणि इमारत वाऱ्यावर. शहरात जळण मिळेना, लोकांनी दारं, खिडक्या, जमिनीच्या फळ्या, छपराचे वासे जे लाकूड मिळेल ते काढून नेलं. लॅबमधली उपकरणं गेली, फर्निचर गेलं. १९४१ मध्ये सोळा लाखांच्या आसपास असलेलं हाँगकाँग १९४५ च्या ऑगस्टमध्ये सहा लाखांवर आलं होतं. ज्या माणसाने वासा नेला त्याला दोष द्यायची माझी तरी हिंमत नाही.

आणि इथून वॉकचा सगळ्यात चांगला भाग, तो म्हणजे युनिव्हर्सिटीची इमारत नसताना युनिव्हर्सिटी कुठे होती. बाई आम्हाला चौकातल्या कट्ट्यावर बसवून हे सांगतात. व्हाइस चान्सलर डंकन स्लॉस स्टॅन्लीच्या कॅम्पमध्ये (जपान्यांनी नागरिकांना डांबलं होतं तिथे) बंदिवान, त्यांच्याबरोबर बरेच प्राध्यापक, आणि तिथे अर्धपोटी राहून ती माणसं कॅम्पातल्या मुलांना शिकवत होती. फिजिऑलॉजीचे प्रोफेसर लिंडसे राइड शाम शुई पो च्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १९४२ च्या जानेवारीत निसटले, बरोबर फ्रान्सिस ली नावाचा त्यांच्याच डिपार्टमेंटचा क्लार्क होता, आणि त्याच्याशिवाय ते जमलंच नसतं, भाषा, वाटा, कुणाशी काय बोलायचं हे सगळं त्याला माहीत. चीनमध्ये पोचल्यावर राइडनी ब्रिटिश आर्मी एड ग्रुप उभा केला, कैद्यांना सोडवायचं, औषधं आत पाठवायची, खबरा बाहेर आणायच्या. त्यातले कितीतरी जण याच युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी.

पण मला सगळ्यात भिडलं ते गॉर्डन किंग यांचं काम. हे स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे प्रोफेसर. तेही निसटून चीनच्या आतल्या भागात गेले आणि हाँगकाँगहून पळून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना शोधून काढून, चोंगकिंगला बसून, वेगवेगळ्या चिनी युनिव्हर्सिट्यांमध्ये त्यांची सोय लावत गेले, पैसे, जेवण, प्रवेश, आणि उद्या हे शिक्षण आपली युनिव्हर्सिटी मान्य करेल याची धडपड. तीनशेहून जास्त मुलामुलींचं शिक्षण त्यामुळे पुढे चालू राहिलं. विचार करा, वीस-बावीस वर्षांची पोरं, घर मागे राहिलेलं, सीमा ओलांडून चालत गेलेली, आणि तिथे बॉम्ब पडत असताना ॲनॅटॉमी शिकतायत. त्याच पिढीतला एक मुलगा, रेसन ह्वांग, त्याला असाच युद्धकाळातला बीएससी मिळाला, चीनमध्ये गेला, मग ऑक्सफर्डला, आणि १९७२ मध्ये याच युनिव्हर्सिटीचा पहिला चिनी व्हाइस चान्सलर झाला. बाईंच्या वेळी तेच व्हाइस चान्सलर होते. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला आणि आम्ही सगळे गप्प होतो.

आता तो खेळ. खेळ म्हणणं बरोबर नाही खरं तर. बाई सगळ्यांना एकेक कार्ड देतात. कार्डावर तुमची भूमिका. लंडनच्या कलोनियल ऑफिसचा (वसाहतींचं खातं) अधिकारी, हाँगकाँगचा डॉक्टर, चीनमधून परत आलेला विद्यार्थी, मलायातला पालक, ट्रेझरीचा (ब्रिटनचं अर्थखातं) माणूस वगैरे. साल १९४६. पर्याय तीन दिलेले असतात: बंद करा आणि हुशार मुलांना स्कॉलरशिप देऊन विलायतेला पाठवा, फक्त मेडिकल आणि थोडं सायन्स एवढं छोटं कॉलेज ठेवा, किंवा पूर्ण युनिव्हर्सिटी, आणि आधीपेक्षा चांगली. पंधरा मिनिटांत ठरवा. मला वाटलं होतं शाळेच्या ट्रिपसारखं काहीतरी होईल आणि मोठी माणसं संकोचून उभी राहतील, पण अक्षरशः भांडणं झाली.

कारण बंद करण्याच्या बाजूचे मुद्दे कार्डावर नीट लिहिलेले होते आणि ते पोकळ नव्हते. युनिव्हर्सिटी जन्मापासून पैशाने तंग, १९२० मध्ये तर इतकी अडचणीत की सरकारला चौकशी समिती नेमून हात द्यावा लागला. मेडिकलच्या काही प्रोफेसरांच्या जागा रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीवर चालायच्या. आता तर छप्परही नाही. ब्रिटन स्वतः कर्जबाजारी, तिकडे लोकांना रेशनवर ब्रेड. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हाँगकाँग तरी आपल्याकडे राहणार का? चीनचा तेव्हाचा नेता चँग कै-शेक, त्याने १९४३ मध्येच न्यू टेरिटरीजचा, म्हणजे ब्रिटिशांनी चीनकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या हाँगकाँगच्या मोठ्या भागाचा, विषय काढलेला होता. जी वसाहत दहा वर्षांत हातातून जाईल तिथे युनिव्हर्सिटीवर लाखो पाउंड कोण घालणार? ट्रेझरीचं कार्ड आलेला ब्रिटिश गृहस्थ हे इतकं पटवून सांगत होता की आमच्यातले तीन-चार जण त्याच्या बाजूला गेले.

आणि मग विद्यार्थी कोण हा प्रश्न. लुगार्डने ही युनिव्हर्सिटी चीनसाठी म्हणून काढली होती, इंग्रजीतून शिकून मुलं चीनमध्ये परत जातील आणि ब्रिटनचं नाव होईल असा हिशोब. शिवाय मलायातून बरीच मुलं यायची. पण लढाई चालू असतानाच, १९४३ मध्ये, लंडनने सगळ्या वसाहतींच्या उच्च शिक्षणाचा विचार करायला ॲस्क्विथ कमिशन नेमलं होतं, त्याचा रिपोर्ट १९४५ मध्ये आला, आणि वारा असा होता की प्रत्येक भागाला आपापली युनिव्हर्सिटी हवी. मलायासाठी १९४७ मध्ये कार-सॉन्डर्स कमिशन गेलं आणि १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला युनिव्हर्सिटी ऑफ मलाया निघाली. म्हणजे ती मुलं आता तिकडेच शिकणार. मग हाँगकाँगची युनिव्हर्सिटी कुणासाठी? चीनसाठी, की हाँगकाँगच्याच मुलांसाठी? ग्रुपमधल्या मलेशियन बाई म्हणाल्या की आमच्या घरात दोन डॉक्टर इथलेच, आजोबांच्या वेळी मुलगा डॉक्टर करायचा म्हणजे बोटीत बसवून हाँगकाँग. त्यांच्या मुलीला हे माहीतच नव्हतं, ती आईकडे बघतच राहिली.

बाबांना कलोनियल ऑफिसचं कार्ड आलं होतं आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं. मला मराठीत म्हणाले, "अगं, गावाकडचा वाडा पडला की भाऊबंदांची बैठक बसते ना, मुंबईचा भाऊ म्हणतो विकून टाका, आणि पडक्या खोलीत जो दिवा लावतो त्याला कुणी विचारत नाही." हे त्यांनी मग इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं आणि मत दिलं की चीनमध्ये जाऊन शिकलेल्या पोरांनी निर्णय आधीच घेऊन टाकलाय, समितीने फक्त सही करायची. माझंही मत तेच झालं आणि अजून तेच आहे. हिशोब करणारे चुकीचा हिशोब करत नव्हते, पण त्यांच्या हिशोबात ती तीनशे मुलं कुठल्या रकान्यात बसत होती ते मला कळलं नाही.

प्रत्यक्षात झालं ते असं. कलोनियल ऑफिसचे शिक्षण सल्लागार क्रिस्टोफर कॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने युनिव्हर्सिटी पुन्हा उभी करावी असा सल्ला दिला. सल्ला मिळाला म्हणजे पैसा मिळाला असं नाही, लंडनकडून पक्कं उत्तर यायला रेंगाळलंच. पण स्लॉस थांबले नाहीत. १९४६ मध्येच, पडझडीतच, थोड्या विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू केले. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकदा वर्ग भरले की 'उघडायची का' हा प्रश्न 'आता बंद करायची का' असा होतो आणि ते म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. पुढे १९४७ मध्ये ग्रँथम गव्हर्नर म्हणून आले, हाँगकाँग सरकारने भार उचलला, आणि १९४९ मध्ये स्लॉस निवृत्त झाल्यावर व्हाइस चान्सलर झाले ते राइड, तेच छावणीतून निसटलेले, आणि १९६४ पर्यंत राहिले. त्याच १९४९ मध्ये चीनमध्ये राज्य पालटलं, सीमा आवळली गेली, तिकडून हाँगकाँगमध्ये माणसांचा लोंढा आला, आणि युनिव्हर्सिटी कुणासाठी या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही समितीच्या रिपोर्टआधी रस्त्यावरच मिळालं. ती हाँगकाँगची झाली. मेन बिल्डिंगचा मागचा भाग आणि वरचा मजला पन्नाशीच्या दशकात वाढवलाय तो याच गर्दीमुळे. बाईंनी बाहेरून नेमकं कुठून कुठे जुनं आणि कुठून नवं ते दाखवलं.

जाता जाता बाबांनी एक गोष्ट ग्रुपला सांगितली ती इथे टाकते. त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? महाराष्ट्रासाठी वेगळी युनिव्हर्सिटी असावी का हे बघायला मुंबई सरकारने १९४२ मध्ये, म्हणजे लढाईच्या ऐन मध्यात, मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४८ मध्ये कायदा झाला आणि पुणे विद्यापीठ गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात आलं, जयकर पहिले कुलगुरू. म्हणजे एकीकडे गव्हर्नरचं घर विद्यापीठाला मिळत होतं आणि त्याच वर्षांत हाँगकाँगची माणसं लंडनच्या उत्तराची वाट बघत होती. आपलं आपण ठरवता येणं म्हणजे काय हे मला शाळेतल्या नागरिकशास्त्रात इतकं कळलं नव्हतं. बाईंना हे माहीत नव्हतं, त्यांनी जयकर हे नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

शेवटचा टप्पा फुंग पिंग शान बिल्डिंग. १९३२ मध्ये चिनी पुस्तकांची लायब्ररी म्हणून बांधलेली, आता युनिव्हर्सिटीचं म्युझियम, प्रवेश फुकट. लढाईच्या आधी चीनमधून, जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून, दुर्मिळ ग्रंथ इथे आणून ठेवले होते. त्यातले बरेच जपानने टोकियोला नेले आणि युद्धानंतर ते परत मिळाले. आणि लायब्ररीचे चिनी ग्रंथपाल चान क्वान पो जपानी अंमलातही इथेच थांबले, पुस्तकांपाशी. दुसरी तक्रार इथे: एवढ्या माणसाला शेवटची पाच मिनिटं, कारण उशीर झालेला आणि लोक घड्याळं बघायला लागलेले. प्रोफेसर कसे निसटले हे सांगायला अर्धा तास आणि जो निसटला नाही, पगार-पाण्याची शाश्वती नसताना कपाटांची राखण करत राहिला, त्याला पाच मिनिटं. हे गणित बदलायला हवं. मी तसं फीडबॅक फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय. म्युझियम आम्ही वॉक संपल्यावर आमचं आम्ही पाहिलं, तिथले युआन काळातले ब्राँझचे नेस्टोरियन (एक जुना ख्रिश्चन पंथ) क्रॉस चुकवू नका, तळहातावर मावतील एवढे छोटे आणि शेकड्यांनी आहेत.

तिसरी तक्रार पायऱ्यांची. युनिव्हर्सिटी डोंगरउतारावर आहे, एका इमारतीतून दुसरीकडे जाताना जिने लागतातच, आणि बुकिंग करताना 'सोपा वॉक' असं लिहिलेलं होतं. सोपा नाही. बाबा दोनदा बसले. लिफ्टने जायचे मार्ग आहेत, मी नंतर एका स्टुडंटला विचारून शोधले, फक्त ग्रुप तिकडून नेत नाहीत. बाईंना आधीच सांगितलंत तर त्या रस्ता बदलतात म्हणे. आणि हातात जो कागद देतात त्यावरची अक्षरं इतकी बारीक की चाळिशीवाल्यांनी चष्मा विसरू नये.

कुणी जावं? दहावी-बारावीच्या पुढची मुलं असतील तर नक्की न्या, कार्डांचा भाग त्यांना आवडेल. अगदी लहान मुलांना नका नेऊ, कंटाळतील. रिटायर्ड शिक्षक-प्राध्यापक आईवडील इकडे आले असतील आणि मॉल बघून बघून वैतागले असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात त्या चौकात दमटपणाने जीव जातो. सकाळचा स्लॉट घ्या, दुपारी म्युझियमला निवांत वेळ मिळतो. कँटोनीज आणि इंग्रजी असे वेगळे ग्रुप असतात, बुक करताना बघून घ्या. पाचपैकी चार स्टार देतेय. पाचवा मोदींपुढे आणि त्या ग्रंथपालांपुढे नीट थांबायला लागतील तेव्हा.